मल्टिकास्ट स्नूपिंग: इंदूरच्या नेटवर्कवाल्या मंडळींचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हॉटेलं, हॉस्पिटलं, भंवरकुआंचे कोचिंग क्लास, पीथमपूरच्या फॅक्टऱ्या, असल्या ठिकाणी स्विच बसवणाऱ्या आपल्या मराठी पोरांकडून जे प्रश्न परत परत येतात ते सगळे इथे एका जागी घातलेत. मल्टिकास्ट म्हणजे एकच स्ट्रीम ज्यांनी मागितली त्या सगळ्यांना एकदम पाठवणं, आणि स्नूपिंग म्हणजे ती मागणी स्विचनं ऐकून ठेवणं. बहुतेकांचं मूळ एकच निघतं, स्नूपिंग चालू केलेलं असतं पण क्वेरियर, म्हणजे ‘अजून हवंय का?’ असं मधूनमधून विचारणारा, कोण हे कुणी ठरवलेलंच नसतं. म्हणून तिसरा आणि चौथा प्रश्न तेवढा नीट वाचा, बाकीचं लागेल तसं बघा.

स्नूपिंग चालू केल्यावर स्विच नेमकं करतो काय?

आधी साधा स्विच काय करतो ते बघू. मल्टिकास्टचा पत्ता कुठल्याही एका मशीनचा नसतो, त्यामुळे स्विच तो मॅक टेबलमध्ये (कुठला पत्ता कुठल्या पोर्टवर याची यादी) कधी शिकतच नाही, आणि माहीत नसलेलं पॅकेट आलं की ते सगळ्या पोर्टवर ढकलतो. ज्या टीव्हीला चॅनल हवंय त्यालाही आणि रिसेप्शनवरच्या बिलाच्या प्रिंटरलाही. आता ८ एमबीपीएसची २० एचडी चॅनलं धरा, १६० एमबीपीएस झाले, आणि प्रिंटरचा पोर्ट आहे १०० चा, तो बिचारा जाम होणार नाही तर काय.

टीव्ही, सेट टॉप बॉक्स, कॉम्प्युटर हे कुठल्याही ग्रुपमध्ये (एका मल्टिकास्ट पत्त्यावरची स्ट्रीम, जसं एक चॅनल) शिरताना आयजीएमपी या प्रोटोकॉलचा एक निरोप पाठवतात, ‘मला हा ग्रुप पाहिजे’. हा निरोप खरं तर राउटरसाठी असतो. स्नूपिंग म्हणजे मधल्या स्विचनं तो वाचायचा आणि कुठल्या पोर्टवर कुठला ग्रुप हवाय याची यादी ठेवायची. पेपरवाल्यासारखं समजा, ज्या घरानं सांगितलं तिथेच पेपर पडणार, आणि मधूनमधून ‘चालू ठेवू ना?’ असं विचारलं जाणार, उत्तर नाही आलं की पेपर बंद. हे विचारणं कोण करतं तो पुढचा सगळा विषय.

स्विचनं यात कसं वागावं ते २००६ च्या आरएफसी ४५४१ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात लिहिलंय, पण ते माहितीवजा आहे, सक्तीचं स्टँडर्ड नाही. म्हणून प्रत्येक कंपनीचा स्विच थोडा वेगळा वागतो आणि एका कंपनीचा अनुभव दुसऱ्यावर डोळे झाकून लावता येत नाही.

भिया, आमचं छोटं ऑफिस आहे, दहा कॉम्प्युटर आणि एक प्रिंटर. आम्हाला लागेल का?

नाही. तिथे जे थोडंफार मल्टिकास्ट फिरतं ते डिव्हाइस शोधण्यापुरतं असतं, त्याचा भार काहीच नाही. आयपीटीव्ही (नेटवर्कवरून येणारा टीव्ही), मल्टिकास्टवर चालणारे कॅमेरे, नेटवर्कवरचा ऑडिओ, फॅक्टरीतले कंट्रोलर, किंवा एकाच वेळी पन्नास मशीनवर विंडोजची इमेज टाकायची, असलं काही असेल तरच यात पडा. नसेल तर स्विचची जी डिफॉल्ट सेटिंग आहे ती राहू द्या.

स्नूपिंग चालू केलं, सगळं मस्त चाललं, आणि चारेक मिनिटांनी चित्र गोठलं. असं का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. उत्तर जवळपास नेहमी एकच, त्या व्हीलॅनमध्ये (त्याच स्विचवर वेगळा पाडलेला नेटवर्कचा भाग) क्वेरियर नाही.

कसं होतं बघा. टीव्हीवर चॅनल लावलं की टीव्ही आपणहून जॉइनचा निरोप पाठवतो, स्विच तो ऐकतो, पोर्ट यादीत घालतो, चित्र सुरू. पण यादीतली नोंद कायमची नसते. दर १२५ सेकंदांनी कुणीतरी ‘कोणाकोणाला काय हवंय?’ अशी क्वेरी पाठवायची आणि टीव्हीनं १० सेकंदांच्या आत उत्तर द्यायचं, असा नियम आहे. एखादी फेरी चुकली तरी चालेल एवढी सवलत धरून नोंदीचं आयुष्य येतं दोन गुणिले १२५ अधिक १०, म्हणजे २६० सेकंद, चार मिनिटं वीस सेकंद. क्वेरी पाठवणारंच कुणी नसेल तर टीव्हीला कुणी विचारत नाही, टीव्ही बोलत नाही, आणि २६० सेकंदांनी स्विच समजतो की आता कुणालाच नकोय. स्विचचा यात काहीच दोष नाही.

वैताग असा की चॅनल बदललं की पुन्हा चालू होतं, कारण नवीन जॉइन जातो. विजय नगरच्या बाजूच्या एका हॉटेलात यामुळे स्टाफ पाहुण्यांना सांगायचा की चित्र अडकलं तर चॅनल पुढे-मागे करा, आणि टीव्ही खराब समजून दोन टीव्ही बदलूनही झाले होते. कोअर स्विचवर, म्हणजे मधल्या मुख्य स्विचवर, क्वेरियर चालू केला, विषय संपला.

काही स्विच क्वेरियर दिसला नाही तर गुपचूप सगळीकडे फ्लड करत बसतात. तिथे चित्र बंद पडत नाही, पण स्नूपिंगचा फायदाही शून्य, आणि लोकांना वाटतं आपण चालू केलंय म्हणजे काम झालं. हे जास्त वाईट, कारण तक्रार येते कुठून तर भलत्याच ठिकाणाहून, की बिलिंग स्लो आहे.

मग क्वेरियर कुठे ठेवायचा, आणि किती ठेवायचे?

व्हीलॅनमध्ये मल्टिकास्ट राउटिंग करणारा राउटर किंवा लेअर थ्री (राउटिंगही करणारा) स्विच असेल तर क्वेरी तोच पाठवतो, वेगळं काही करायची गरज नाही. नसेल, आणि आपल्याकडच्या बहुतेक ठिकाणी नसतोच, तर एखाद्या स्विचवर ‘आयजीएमपी स्नूपिंग क्वेरियर’ नावाची सेटिंग चालू करायची. प्रत्येक व्हीलॅनसाठी वेगळी. टीव्हीच्या व्हीलॅनमध्ये केली म्हणून कॅमेऱ्याच्या व्हीलॅनमध्ये आपोआप होत नाही, आणि ही गोष्ट फार लोक विसरतात.

त्या व्हीलॅनमध्ये स्विचला आयपी द्या. आयपी नसला तर काही स्विच ०.०.०.० या पत्त्यावरून क्वेरी पाठवतात आणि आरएफसी ४५४१ प्रमाणे बाकीच्या स्विचनी अशी क्वेरी ज्या पोर्टवर आली तो राउटर पोर्ट धरायचा नसतो. म्हणजे क्वेरी दिसतेय पण काम होत नाहीये अशी अर्धवट अवस्था, आणि ती शोधण्यात आख्खी दुपार जाते.

दोन क्वेरियर असले तर व्हर्जन दोन आणि तीनमध्ये ज्याचा आयपी लहान तो जिंकतो, दुसरा गप्प बसतो आणि पहिला २५५ सेकंद दिसला नाही तर पुन्हा सुरू होतो. एक मुख्य, एक राखीव, एवढं पुरेसं आहे. पण लहान आयपी कुणाकडे जातोय ते आपण ठरवायचं, नशिबावर सोडायचं नाही. कुणीतरी नंतर येऊन कोपऱ्यातल्या टेबलाखाली एक छोटा राउटर लावतो, त्याचा आयपी शेवटी .१, त्यात क्वेरियर चालू, आणि तो आख्ख्या मजल्याचा क्वेरियर होऊन बसतो. मग संध्याकाळी ऑफिस बंद करताना त्याचा प्लग निघतो.

आणि जागेबद्दल माझं मत पक्कं आहे, क्वेरियर कोअरवरच ठेवा, जिथून स्ट्रीम निघतात त्याच्या जवळ. कारण पुढच्या प्रश्नात.

मल्टिकास्ट राउटर पोर्ट म्हणजे काय आणि तो इतका महत्त्वाचा का?

ज्या पोर्टवरून क्वेरी आली, किंवा पिम या राउटिंग प्रोटोकॉलचे हॅलो आले, तो पोर्ट स्विच राउटर पोर्ट म्हणून लक्षात ठेवतो. या पोर्टवर दोन गोष्टी जातात: एक, खालच्या मशीनचे सगळे निरोप, आणि दोन, सगळं मल्टिकास्ट, मग पलीकडे कुणी मागितलेलं असो वा नसो. दुसरी गोष्ट लोकांना माहीतच नसते.

आता कल्पना करा की क्वेरियर चुकून तिसऱ्या मजल्यावरच्या १०० एमबीपीएस अपलिंकवाल्या (अपलिंक म्हणजे कोअरकडे जाणारी लाइन) स्विचवर आहे आणि चॅनलांचा सर्व्हर तळमजल्यावर. सगळी चॅनलं त्या एका अपलिंकवर चढणार, तिथे एकच टीव्ही चालू असला तरी. म्हणून जिथे जाडी लाइन आहे, म्हणजे कोअर, तिथे क्वेरियर. आणि उलट बाजूनं पण बघा, १६ कॅमेरे एखाद्या ॲक्सेस स्विचवर (ज्याला मशीनं थेट जोडतात तो) मल्टिकास्ट करत असतील तर त्यांचा सगळा ट्रॅफिक कोअरकडे जाणारच, ४ एमबीपीएसनं धरला तरी ६४ एमबीपीएस. अपलिंक गिगाबिटचा घ्या, त्यात काटकसर करू नका.

स्विच अपलिंक शिकत नसेल तर तो पोर्ट हातानं राउटर पोर्ट म्हणून लावता येतो. तात्पुरता उपाय म्हणून ठीक आहे, पण केबल दुसऱ्या पोर्टमध्ये गेली की विसरलेली सेटिंग अंगाशी येते.

व्हर्जन दोन ठेवू की तीन?

व्हर्जन दोन १९९७ चं, आरएफसी २२३६, तीन २००२ चं, आरएफसी ३३७६. तीनमध्ये ‘हा ग्रुप हवा पण अमुक सर्व्हरकडूनच’ असं सांगता येतं. आजचे विंडोज, लिनक्स सगळे तीननं सुरू होतात. अडचण जुन्या स्विचची आहे. व्हर्जन दोनमध्ये जॉइनचा निरोप त्या त्या ग्रुपच्याच पत्त्यावर जातो, तीनमध्ये तो २२४.०.०.२२ वर जातो आणि त्याची बनावटही वेगळी, त्यामुळे फक्त दोन कळणारा स्विच तीनचा निरोप समजूच शकत नाही.

साध्या आयपीटीव्ही किंवा कॅमेऱ्यासाठी मी क्वेरियर व्हर्जन दोनवर ठेवतो. क्वेरी दोनची आली की तीनवाली मशीनंही दोनमध्ये बोलायला लागतात, सगळे एका भाषेत. २३२ नं सुरू होणारे ग्रुप वापरत असाल तर मात्र तीनच लागेल, मग रांगेतला प्रत्येक स्विच तीन समजतो का ते आधी बघा.

फास्ट लीव्ह चालू करू का? चॅनल बदलताना वेळ लागतो.

पोर्टमागे एकच टीव्ही असेल तर बिनधास्त करा. नेहमीच्या पद्धतीत टीव्हीनं ‘सोडतो’ म्हटलं की क्वेरियर सेकंदाच्या अंतरानं दोनदा विचारतो की अजून कुणी आहे का, तोवर जुनं चॅनल येतच राहतं आणि त्यात नवं चॅनल, बारीक लाइन असेल तर दोन्ही अडखळतात. फास्ट लीव्हमध्ये लगेच कट.

पण त्याच पोर्टमागे कुणी पाच पोर्टचा साधा स्विच लावून दोन टीव्ही जोडले असतील, आणि आपल्याकडे हे सर्रास असतं, तर एकानं चॅनल बदललं की दुसऱ्याचं चित्र बंद. पुढची क्वेरी येईपर्यंत बंदच, म्हणजे दोन मिनिटंसुद्धा. खोलीत जाऊन टीव्हीच्या मागे हात घालून बघा, ड्रॉइंगवर विश्वास ठेवू नका.

‘अननोन मल्टिकास्ट’ फ्लड ठेवू की ड्रॉप?

अननोन म्हणजे ज्या ग्रुपची कुणीच मागणी नोंदवलेली नाही ते. फ्लड ठेवलं तर कुणी न मागितलेलं चॅनल सगळीकडे सांडतं, ड्रॉप केलं तर जी उपकरणं जॉइन न करताच ऐकतात ती बंद पडतात. टीव्हीच्या वेगळ्या व्हीलॅनमध्ये क्वेरियर नीट चालतोय हे बघून मग ड्रॉप करा. सगळं एकत्र असलेल्या नेटवर्कमध्ये घाई करू नका.

२२४.०.०.० ते २२४.०.०.२५५ हा पट्टा मात्र स्विचनं कायम सगळीकडे पाठवायचा असतो. राउटरांच्या आपसातल्या ओएसपीएफचे ५ आणि ६, व्हीआरआरपीचा १८, डिव्हाइस शोधणाऱ्या एमडीएनएसचा २५१ (हे पत्त्यातले शेवटचे आकडे) हे सगळे त्यातले. यातला एखादा ड्रॉप करणारा स्विच सापडला तर त्याचं फर्मवेअर बदला किंवा स्विचच बदला.

ग्रुपचा पत्ता कुठला निवडायचा? आम्ही २३९.०.०.१ घेतला तर स्नूपिंग लागूच होत नाही.

छान प्रश्न. २३९ चा पट्टा खाजगी वापरासाठीच आहे, तिथवर बरोबर. पण मल्टिकास्ट आयपीचा मॅक बनवताना शेवटचे २३ बिटच वापरले जातात, पुढचे ५ बिट गळतात, म्हणून ३२ वेगवेगळ्या आयपींचा मॅक एकच येतो. २३९.०.०.१ चा मॅक आणि २२४.०.०.१ चा मॅक सारखाच, ०१-००-५ई नं सुरू होणारा आणि शेवटी ००-००-०१. जे स्विच मॅक बघून निर्णय घेतात त्यांना हा कायम फ्लड करायचा पट्टा वाटतो, आणि ते फ्लड करतात. तेव्हा २३९.०.०.काहीही आणि २३९.१२८.०.काहीही हे दोन्ही टाळा. २३९.१०.१.१ पासून सुरू करा आणि चॅनलामागे शेवटचा आकडा वाढवत न्या, वहीत लिहून ठेवा.

स्नूपिंगनंतर मोबाइलवरून टीव्हीला कास्ट होत नाही, प्रिंटर दिसत नाही.

कुठला शोध आहे त्यावर आहे. क्रोमकास्ट आणि ॲपलचं प्रिंटिंग एमडीएनएसवर चालतं, २२४.०.०.२५१, ते स्नूपिंगनं अडायला नको. स्मार्ट टीव्हीचं डीएलएनए २३९.२५५.२५५.२५० वापरतं, ते कायम फ्लडच्या पट्ट्यात नाही, म्हणून क्वेरियर नसला की तेच आधी मरतं. फोन एका व्हीलॅनमध्ये आणि टीव्ही दुसऱ्यात असेल तर स्नूपिंगचा संबंधच नाही, तिथे एमडीएनएस रिपीटर लागतो.

सीसीटीव्हीसाठी हे हवंच असं वेंडर म्हणतो.

बहुतेक वेळा नको. एनव्हीआर (रेकॉर्डर) प्रत्येक कॅमेऱ्याकडून सरळ युनिकास्टनं, म्हणजे एकास एक, व्हिडिओ खेचतो आणि बघणारे एनव्हीआरकडून बघतात. कॅमेऱ्यात मल्टिकास्ट मुद्दाम चालू केलं असेल, आणि एकच कॅमेरा पाच-सहा जण थेट बघत असतील, तरच मुद्दा येतो. आधी कॅमेऱ्याच्या पानावर मल्टिकास्ट चालू आहे का बघा, नको असेल तर बंद करा, निम्मा त्रास तिथेच संपतो.

पीथमपूरच्या प्लांटमध्ये पीएलसी (मशीन चालवणारे कंट्रोलर) आहेत, तिथे काय?

इथे जपून, कारण लाइन थांबली की नुकसान मोठं. इथरनेट आयपी या फॅक्टरी प्रोटोकॉलवाले कंट्रोलर आय-ओचा डेटा मल्टिकास्टनं पाठवू शकतात, बऱ्याचदा २३९.१९२ नं सुरू होणाऱ्या पत्त्यांवर, आणि तिथे स्नूपिंग अधिक क्वेरियर ही जोडी खरंच कामाची आहे, नाहीतर तो डेटा प्रत्येक ड्राइव्हच्या छोट्या पोर्टवर आदळत राहतो. प्रोफिनेट या दुसऱ्या फॅक्टरी प्रोटोकॉलचा मामला निराळा. त्याचं डिव्हाइस शोधणं आयपीवर नाही, सरळ इथरनेट मल्टिकास्टवर चालतं, त्याला आयजीएमपी माहीतच नाही. तिथे कुणी सरसकट अननोन मल्टिकास्ट ड्रॉप केलं तर डिव्हाइस सापडेनासे होऊ शकतात. प्लांटमध्ये शटडाउनशिवाय ही सेटिंग हलवू नका, मालक कितीही घाई करो.

सभागृहात डांटेवर (नेटवर्कवरून आवाज नेणारी सिस्टीम) साउंड आहे, मध्येच आवाज तुटतो.

डांटेची घड्याळं २२४.०.१.१२९ च्या आसपासच्या ग्रुपवर जुळतात, आणि हा पत्ता कायम फ्लडच्या पट्ट्यात येत नाही, दिसायला तसा वाटला तरी. क्वेरियर नसेल तर घड्याळ हरवतं. सोबत स्विचवरचं वीज वाचवणारं ईईई बंद करा. नाटकाच्या प्रयोगाला किंवा गणपतीतल्या कार्यक्रमाला ऐनवेळी कुणाच्या घरचा स्विच आणून मध्ये घालणं, हे नको.

वायफायवर मल्टिकास्ट इतकं रडतं का?

वायफायवर मल्टिकास्ट सगळ्यात हळू बेसिक स्पीडनं जातं आणि ते पोचलं का याची पोचपावती नसते. ॲक्सेस पॉइंटमध्ये मल्टिकास्टचं युनिकास्ट करायची सेटिंग असते, ती चालू करा. आणि आयपीटीव्ही शक्य असेल तिथे केबलवरच द्या.

लाइट गेली-आली की थोडा वेळ सगळं नेटवर्क स्लो होतं.

स्पॅनिंग ट्रीमध्ये (स्विचांमध्ये लूप होऊ न देणारी व्यवस्था) बदल झाला की पुष्कळ स्विच काही काळ मल्टिकास्ट सगळीकडे फ्लड करतात, म्हणजे कुणाची वाट चुकू नये. ते मुद्दाम तसंच केलेलं आहे. पण टीव्हीच्या पोर्टवर एज किंवा पोर्टफास्ट (इथे शेवटचं मशीन आहे असं सांगणारी सेटिंग) लावलेलं नसेल तर प्रत्येक टीव्ही बंद-चालू झाला की हाच बदल जाहीर होतो, दिवसभर. तेवढं लावून टाका.

प्रॉक्समॉक्सच्या (व्हर्च्युअल मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) सर्व्हरवर व्हर्च्युअल मशीनला मल्टिकास्ट मिळत नाही.

प्रॉक्समॉक्समागे लिनक्सचा ब्रिज, म्हणजे सॉफ्टवेअरमधला स्विच, असतो. त्यात स्नूपिंग डिफॉल्ट चालू असतं, क्वेरियर डिफॉल्ट बंद. नव्या कर्नलमध्ये क्वेरियर दिसला नाही तर ब्रिज फ्लड करतो, जुन्यात थेट अडतं. बाहेरच्या स्विचवर क्वेरियर असेल तर बरं, नाहीतर ब्रिजचा क्वेरियर चालू करा.

आयपीव्ही६?

तिथे आयजीएमपीच्या जागी एमएलडी, सेटिंगही वेगळी. आयपीव्ही६ मध्ये शेजारच्या मशीनचा पत्ता शोधणंही मल्टिकास्टवर चालतं, म्हणून एमएलडी स्नूपिंग क्वेरियरशिवाय चालू केलं तर साधं पिंगसुद्धा अडखळू शकतं. गरज नसेल तर हात लावू नका.

जेल रोडवरून स्विच घेताना काय विचारायचं?

‘स्नूपिंग आहे का’ एवढं विचारू नका, सगळे हो म्हणतात. क्वेरियर आहे का, व्हर्जन तीन समजतो का, किती ग्रुप धरतो, आणि फास्ट लीव्ह पोर्टनुसार लावता येतं का, हे डेटाशीटवर बोट ठेवून बघा. स्वस्तातल्या स्मार्ट स्विचमध्ये स्नूपिंग असतं पण क्वेरियर नसतो, ते ॲक्सेसला चालतील, निदान एक क्वेरियरवाला स्विच मात्र कोअरला लागेलच.

सगळं लावलं, आता तपासू कसं?

सिस्कोसारख्या कमांडवाल्या स्विचवर ‘शो आयपी आयजीएमपी स्नूपिंग’ लिहून पुढे क्वेरियर, मग एमराउटर, मग ग्रुप्स, याच क्रमानं बघा. क्वेरियरमध्ये तुमचाच आयपी दिसला पाहिजे, एमराउटरमध्ये अपलिंक, ग्रुप्समध्ये टीव्हीचे पोर्ट. वेब पेजवाल्या स्विचवर हेच तीन टेबल शोधा. मग लॅपटॉप एका रिकाम्या पोर्टला लावून वायरशार्क (पॅकेट दाखवणारं सॉफ्टवेअर) चालू करा, काहीही जॉइन न करता. दर १२५ सेकंदांच्या आसपास क्वेरी दिसायला हवी आणि चॅनलांचा व्हिडिओ दिसायला नको. नंतर व्हीएलसीनं एक चॅनल उघडा आणि ते सोडून जाऊ नका, निदान दहा मिनिटं चालू द्या, कारण पाच मिनिटांच्या आत पास झालेली टेस्ट इथे टेस्टच नाही. पास झाली की कॉन्फिग सेव्ह करा आणि क्वेरियरचा आयपी रॅकच्या दारावर चिकटवा.